वॉनबरोच्या थडग्यापायी १,६१,५०० रुपये गेले

रक्कम आधीच लिहून टाकते, कारण घरातही ती अजून सगळ्यांना खरी सांगितलेली नाही. ४,५००, मग १८,७००, मग ४२,००० आणि शेवटी ९६,३००. एकूण १,६१,५०० रुपये. दामदुप्पट योजनेत नाही, लॉटरीत नाही. आईच्या पणजोबांचं इंग्लंडातलं गाव आणि तिथली आमची माणसं शोधण्यात गेले.

आम्ही नाशिकचे, मराठी ख्रिस्ती. आईचे पणजोबा विलायतेहून रेल्वेत फिटर म्हणून आले. थळ घाटाचं काम पुरं होऊन गाड्या घाट चढून इगतपुरीला यायला लागल्या, त्या सुमारास. इगतपुरीच्या लोको शेडमध्ये जन्म काढला, इथल्याच मुलीशी लग्न केलं, इथेच त्यांचं दफन झालं. मागे राहिलं एक इंग्रजी बायबल. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर फिकट तपकिरी शाईत त्यांचं नाव, १८६५ साल आणि खाली 'वॉनबरो, विल्ट्स', म्हणजे इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यातलं वॉनबरो गाव. आई आता ८४ वर्षांची आहे. गेली दोन वर्षं तिचं एकच चाललं होतं, "त्या गावात आपलं कोण होतं ते एकदा बघ गं."

मी अडाणी नाही. ३१ वर्षं हायस्कूलात शिकवलंय. आजवर कुणाला ओटीपी दिलेला नाही, वीज तोडण्याचा मेसेज आला तर सरळ डिलीट करते. म्हणून सांगते, 'शिकलेली बाई अशी कशी फसली' हे आता मला कुणी विचारू नये. माझा दीर विचारून झालाय, शेजारी विचारून झालेत.

मी एका ठिकाणी इंग्रजीत चौकशी लिहिली होती. आठवड्यात मेल आला. वंशावळी शोधून देण्याचा व्यवसाय, तिथल्या दफ्तरखान्यात नेहमीचं जाणंयेणं, भाषा अदबशीर. नाव लिहीत नाही. ते खोटंच होतं आणि त्या नावाचा एखादा भला माणूस खरोखर असेल. पहिले ४,५०० घेतले आणि तीन दिवसांत १८५१ च्या जनगणनेचं पान पाठवलं. ते पान खरं होतं, आजही खरंच आहे. वॉनबरोतलं शेतमजुराचं घर, पाच मुलं, त्यात आमचे पणजोबा वय वर्षं ९. माझ्या हातापायाला कंप सुटला होता. आईने ते पान छातीशी धरलं. पुढे जे घडलं ते सगळं या एका खऱ्या कागदाच्या जोरावर. आणि त्या जनगणनेची सूची फुकट बघता येते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

पैसे कुठे पाठवायचे? पाउंडात पाठवायचे तर बँकेत फॉर्म भरा, वर शुल्क; त्यापेक्षा आमच्या भारतातल्या प्रतिनिधीला यूपीआय करा, म्हणाला. माणूस इंग्लंडचा आणि खातं इथल्या दुसऱ्याच राज्यातल्या कुठल्यातरी पोराचं. असं दिसलं की तिथल्या तिथे थांबा. मी थांबले नाही. शुल्क वाचतंय याचंच मला बरं वाटलं.

१८,७०० मध्ये चर्चच्या नोंदवहीचे फोटो आले, वंश मागे १७५२ पर्यंत गेला. मग विल्टशरचं दफ्तर चिपनहॅमला आहे, दोन दिवस तिथे मुक्काम करून मूळ वह्या बघाव्या लागतील, म्हणून ४२,०००. दफ्तर खरंच चिपनहॅमला आहे. हे लोक दर चार वाक्यांत तीन खरी सांगतात.

आणि मग तो फोटो. हे मला लिहायलाच हवं, कारण रात्री झोप उडते ती याच्यामुळे.

वॉनबरोच्या चर्चबद्दल मी स्वतः वाचलं होतं. त्या चर्चला पश्चिमेला चौकोनी मनोरा आहे आणि मध्यावर वेगळं निमुळतं शिखरही आहे. मनोरा आणि शिखर दोन्ही असलेली चर्चं इंग्लंडात तीनच. मीच आईला कौतुकाने सांगितलं होतं, दोनदा. आणि फोटो आला तो एका थडग्याचा, मागे चर्च, आणि चर्चला फक्त मनोरा. आईने भिंग घेतलं, फोन डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "अगं, मग दुसरं कुठंय?" ८४ वर्षांची बाई, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली. तिला दिसलं. आणि मी तिच्यावर खेकसले, "आई, बाजूने काढलाय फोटो, शिखर मागे झाकलं गेलंय." हे उत्तर माझं नव्हतं. मी त्याला आधी विचारलं होतं आणि त्याने हेच सांगितलं होतं. म्हणजे शंका मलाही आली होती. मी ती त्याच्याच हातात दिली आणि त्याने ती मिटवून परत केली.

आता तो फोटो मोठा करून बघते. दगडावर सगळीकडे दगडफूल चढलंय, पिवळट-पांढरे चट्टे. आमच्या आडनावाच्या अक्षरांवर मात्र एक ठिपका नाही. कोरलेल्या अक्षराच्या खाचेत आधी माती बसते, तिथे ती अक्षरं कालची असल्यासारखी स्वच्छ. एवढं माझ्या डोळ्यांपुढे होतं.

थडगं कलतंय, या हिवाळ्यात पडेल, दुरुस्तीला चर्चच्या धर्मप्रांताची परवानगी लागते, तिची फी आणि गवंड्याची मजुरी मिळून ९६,३००. परवानगी लागते हेही खरं, म्हणूनच मी विश्वास ठेवला. आई म्हणाली, तिच्या बांगड्या मोडा. बांगड्या मोडल्या नाहीत, माझी मुदत ठेव मोडली.

एकोणीस दिवसांनी वाहतुकीच्या विम्याचे म्हणून आणखी ६०,००० मागितले, तेव्हा मी थेट त्या गावच्या चर्चला मेल केला. पहिल्या दिवशीच करायला हवा होता. काम बघणाऱ्या बाईंचं उत्तर दोन दिवसांत आलं: हे आमचं चर्च नाही, असं थडगं आमच्या आवारात नाही, आणि दुरुस्तीचा अर्जही कुणी केलेला नाही. सोबत खऱ्या चर्चचे चार फोटो. मनोरा आणि शिखर, दोन्ही. एक पैसा मागितला नाही. त्यांनीच लिहिलं की त्या काळच्या शेतमजुरांना बहुतेक वेळा दगडच नसायचा, परवडायचाच नाही.

नोंदवहीचं पानही खोटं निघालं. बाप्तिस्म्याची तारीख होती ९ सप्टेंबर १७५२. इंग्लंडात हा दिवस उगवलाच नव्हता. त्या साली त्यांनी पंचांग बदललं आणि २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ तारीख धरली. शिवाय पान छापील रकान्यांचं, बापाच्या धंद्याचा रकाना वेगळा. बाप्तिस्म्याच्या छापील वह्या तिथे १८१३ पासून सुरू झाल्या, त्याआधी पाळक कोऱ्या वहीत हाताने लिहायचे. हे तुमच्या लक्षात राहू द्या. सरकारी जन्मदाखला १ जुलै १८३७ च्या आधीचा कुणी दाखवला, तर तोही बनावट.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात गेले, म्हणाले हे सायबरचं. सायबरला गेले, म्हणाले रक्कम बघता आधी ठाण्यातच अर्ज द्या. पुन्हा ठाणं. तिथे अर्ज घेणाऱ्याने तो उभ्याउभ्या वाचला आणि मोठ्याने विचारलं, "मॅडम, पावणेदोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी दीड लाख?" बाकावर बसलेले चारजण हसले. मी ३१ वर्षं पोरांना उभं राहून बोलायला शिकवलं, आणि तिथे मला एक शब्द सुचला नाही. तक्रारीची पावती मिळायला अकरा दिवस आणि पाच खेपा लागल्या. बँकेत शाखाधिकारी म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवले, पिन तुम्ही टाकला, आम्ही काय करणार. ज्या खात्यात पैसे गेले त्यात २,३४० रुपये शिल्लक सापडले, तेवढे गोठवलेत. तेही परत हवे असतील तर कोर्टाचा आदेश आणा. २,३४० रुपयांसाठी वकील करायचा! इंग्लंडातही ऑनलाइन तक्रार केली. महिन्याने पत्र आलं, तपास करता येणार नाही, पण माहितीबद्दल आभार. एकानेही, अगदी एकानेही, असं म्हटलं नाही की तुमच्यावर अन्याय झालाय. सगळ्यांनी मला एवढंच पटवलं की चूक माझी. माझी चूक मला माहीत आहे. मी चोराची तक्रार घेऊन गेले होते.

पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, त्याच तासात, मग रडा. मी चर्चचं उत्तर आल्यावर, म्हणजे तीन आठवड्यांनी केला, तोवर सगळं काढून झालं होतं.

संशोधक नेमायचाच असेल तर तिथल्या व्यावसायिकांची 'आग्रा' (AGRA) नावाची जुनी संघटना आहे, १९६८ पासूनची. तिच्या यादीत नाव आहे का ते बघा, आणि यादीतल्या पत्त्यावर तुम्ही स्वतः लिहा; त्याने दिलेल्या पत्त्यावर नको. तुमच्या आडनावाचं राजचिन्ह काढून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. तिकडे चिन्ह माणसाला मिळतं, आडनावाला नाही.

आणि ज्यांची माणसं आमच्यासारखी रेल्वेत किंवा फौजेत इकडे आली, त्यांनी आधी इकडचं शोधा. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या प्रती लंडनला पाठवल्या जायच्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पणजोबांच्या लग्नाची इगतपुरीची नोंद मला तिथल्याच सूचीत सापडली, घरी बसून. नोंदीत त्यांच्या वडिलांचं नाव आहे, आणि ते १८५१ च्या पानाशी जुळतं. फुकट. हे काम मी आधी केलं असतं तर त्या माणसाला मेलचं उत्तरच दिलं नसतं.

गेल्या मंगळवारी फोन आला. हिंदीत बोलत होता. तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, म्हणाला, आमच्याकडे तुमची केस आली आहे, फक्त १२,५०० भरा. रक्कम त्याला रुपयापर्यंत माहीत होती. आईचं वय माहीत होतं. मी नंबर लिहून घेतला आणि त्याच दुपारी ठाण्यात नेऊन दिला. त्यांनी कागद वाचला, फाइलला टाचला आणि म्हणाले, काही कळलं तर फोन करू.