स्विच ओलेड: खानदेशातला उन्हाळा काढून झाल्यावर दिलेले गुण

निन्टेन्डोचा स्विच हा हातात धरून किंवा टीव्हीला जोडून खेळायचा गेम कन्सोल. त्याचं ओलेड, म्हणजे जास्त उठावदार पडद्याचं, मॉडेल आमच्या अमळनेरच्या घरात आलं, त्यानंतर एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला. कन्सोलला मी दहापैकी आठ देतो. गेमचे गुण पुढे येतीलच. ते कसे दिले हे मात्र आधी सांगतो, कारण माझे आकडे बाहेरच्या आकड्यांशी बऱ्याच ठिकाणी जुळत नाहीत.

जपानचं 'फामित्सु' हे मासिक एका गेमला चार समीक्षक बसवतं. प्रत्येकाचे दहा, एकूण चाळीस. १९९८ साली 'झेल्डा: ऑकारिना ऑफ टाइम'ला पहिल्यांदा चाळीसपैकी चाळीस मिळाले. मेटाक्रिटिक ही वेबसाइट जगभरच्या समीक्षांची भारित सरासरी शंभरात काढतं. चौघांचं मत एकाच्या मतापेक्षा भरवशाचं, हे मला पटतं. पण हे बहुतेक गुण गेम बाजारात येतो त्याच आठवड्यात दिलेले असतात, आणि देणारा एकटा, शांतपणे खेळलेला असतो. २०२० च्या डिसेंबरात 'सायबरपंक २०७७'चं काय झालं ते आठवा. समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत मिळाली, गुण चांगले पडले. सोनीच्या जुन्या पीएस४ कन्सोलवर मात्र तोच गेम इतका अडखळला, की सोनीने आठवड्याभरात तो आपल्या स्टोअरवरून काढला. परत यायला २०२१ चा जून उजाडला. ते गुण खोटे नव्हते, दुसऱ्या मशीनवरचे होते. माझं म्हणणं एवढंच, की ज्या घरात आपण खेळतो ते घरही मशीनचाच भाग असतं. तिथलं ऊन, तिथली वीज, तिथली माणसं, सगळं धरून गुण द्यावेत. त्याला महिने लागतात.

आधी ऊन. निन्टेन्डोने स्विच वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश दिलंय आणि हवेतली आर्द्रता २० ते ८० टक्के. एप्रिलअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत आपल्याकडे, जळगाव म्हणा, भुसावळ म्हणा, पारा ४३-४४ च्या पुढे जाणं रोजचंच. ३५ अंश ही आमच्याकडे सकाळची हवा. म्हणून आमच्या घरी उन्हाळ्याचा नियम असा: दुपारी स्विच कपाटात. बंद गाडीत तर क्षणभरही ठेवायचा नाही. कूलरची खोली थंड असते, पण ओली असते, त्यामुळे कूलरच्या झोतासमोर बसून खेळायचं नाही. स्विच पाठीकडून हवा ओढतो आणि वरच्या फटीतून गरम हवा सोडतो. गादीवर, गोधडीवर टेकवला की पाठ बुजते. ओलेड मॉडेलचा पाठीमागचा रुंद स्टँड इथे फार कामाला आला. तो उघडून शहाबादी फरशीवर ठेवला की हवा खेळती राहते आणि फरशीही गार. चार्जिंगही रात्री उशिरा किंवा पहाटेच लावतो, कारण उष्णतेत चार्ज होणारी लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते. खरी मजा रात्री गच्चीवर. मे महिन्यात निम्मं गाव गच्चीवर झोपतं, आणि अंधारात सात इंची ओलेड पडद्याचे रंग असे उठून दिसतात की शेजारच्या गच्चीवरची पोरंही येऊन बसतात. उन्हात मात्र त्या पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो.

धुळीचंही सांगून ठेवतो. जॉय-कॉन म्हणजे स्विचच्या दोन बाजूंचे सुटे होणारे कंट्रोलर. त्यांच्या काड्यांना हात न लावताही पडद्यावरचं पात्र सरकायला लागतं, ही तक्रार जगभर गाजलेली आहे. आमच्या अजून ठणठणीत आहेत, पण फाल्गुनात वारं सुटलं की स्विच कायम झिपच्या पाउचमध्ये.

आता वीज. टीव्हीला जोडलेला मोठा कन्सोल वीज गेली की बंद, आणि सेव्ह न केलेला खेळ गेला. स्विचमध्ये बॅटरी आहे. दिवे गेले की टीव्ही काळा होतो, आपण डॉकमधून, म्हणजे टीव्हीला जोडायच्या बैठकीतून, स्विच उचलायचा आणि खेळ हातात पुढे चालू. कंपनी साडेचार ते नऊ तास म्हणते. मोठ्या गेमला पाचाच्या आसपास धरा, हलक्यांना जास्त. माझ्या आठ गुणांपैकी निदान दोन या एका गोष्टीचे आहेत.

नोकरीसाठी मी अमळनेरहून जळगावला रेल्वेने जा-ये करतो. धरणगाव, पाळधी, जळगाव, साधारण तासाभराचा रस्ता. त्या तासाने मला गेम तोलायला शिकवलं. 'हेडिस' (२०२०) गाडीसाठीच बनवलाय असं वाटतं. पाताळातून पळायचा एक प्रयत्न वीस-तीस मिनिटांत संपतो, आणि मेलात तरी गोष्ट पुढे सरकते, कारण मरून घरी परतणं हाच कथेचा धागा आहे. जाताना एक, येताना एक. महिने झाले तरी पात्रं नवीन काहीतरी बोलतातच. दहापैकी साडेनऊ. 'सेलेस्ट' हा उड्या मारत डोंगर चढायचा गेमही उत्तम, पण डबा हलत असताना त्या अचूक उड्या जमत नाहीत. घरी नऊ, गाडीत सात.

झेल्डा मालिकेतल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'बद्दल जगाने २०१७ पासून लिहून ठेवलंय. मेटाक्रिटिकवर ९७. तरी खानदेशातून एक गोष्ट सांगावीशी वाटते. या गेममध्ये हवामान खरं आहे. गेरुडोच्या वाळवंटात दिवसा नुसतं उभं राहिलं तरी जीव कमी होत जातो, आणि रात्री तिथेच थंडी बाधते. मग थंडावा देणारं टरबुजासारखं फळ शोधायचं, ते शिजवून खायचं, सावलीसावलीने चालायचं. पाऊस आला की कडे निसरडे होतात, चढता येत नाही. माझी भाची उन्हातून शाळेतून येते, रुमाल बांधून, आणि संध्याकाळी लिंकला, म्हणजे गेमच्या नायकाला, वाळवंटात नेण्याआधी त्याचे कपडे आणि खाणं तपासून घेते. तिला हे कुणी शिकवावं लागलं नाही. तलवारी मोडतात म्हणून अनेक जण वैतागतात. मला ते आवडलं, त्यामुळे हातात येईल त्यावर भागवायची सवय लागते. या गेमला दहा. पहिल्या आठवड्यात दिले असते तरी दहाच दिले असते, पण आता ते का दिले हे मी सांगू शकतो.

'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून बनवला. २०१६ ला पीसीवर आला, पुढच्या वर्षी स्विचवर. आमचे काका आयुष्यभर कापूस आणि मका करत आलेत. ते शेजारी बसून बराच वेळ बघत होते. बुजगावणं नसेल तर कावळे पीक खातात, हे त्यांना पटलं. २८ दिवसांचा हंगाम संपला की त्या हंगामाचं उभं पीक मरतं, हेही पटलं. तुषार संच बसवला की रोजचं पाणी देणं सुटतं आणि माणूस दुसऱ्या कामाला मोकळा होतो, यावर तर त्यांनी मान डोलावली. ठिबकचा जिल्हा आमचा, पाणी वाचवायचं मोल इथे सांगावं लागत नाही. मग माल विकायची वेळ आली. पार्सनिप या पांढऱ्या गाजरासारख्या कंदाला काल जो भाव, तोच आज, तोच पुढच्या वर्षी.

"भाव वरीसभर एकच?" काका म्हणाले. "मंग हाई कसानी शेती?"

हा आक्षेप मी कुठल्याच समीक्षेत वाचला नव्हता आणि तो अगदी योग्य आहे. पेरणीपासून तोडणीपर्यंत जीव टाकून, शेवटी बाजार समितीत काय होईल याची धास्ती, ही शेतीची निम्मी गोष्ट. ती इथे नाही. पण उलट बाजूने पाहिलं तर कष्टाचं मोल ठरलेलं असतं असं एक गाव या गेमने उभं केलंय, आणि दिवसभराच्या कामानंतर मला तिथे जावंसं वाटतं. त्यातला एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा. सेव्ह मात्र पात्र झोपल्यावरच होतं, म्हणून पाळधी गेलं की नवा दिवस सुरू करत नाही. तसं मधेच पॉवरचं बटण दाबलं तरी स्विच खेळ जिथल्या तिथे गोठवून ठेवतो. नऊ गुण.

'अॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स'ला मी सहा देतो, आणि यावर माझ्याशी भांडणारे भेटतील. बेटावर गाव वसवायचा हा गेम गोड आहे, खऱ्या घड्याळाप्रमाणे चालतो. पण एका कन्सोलवर एकच बेट. पहिला खेळणारा बेटाचा मुख्य रहिवासी, गावाची कामं त्याच्याच हाताने पुढे जातात. बाकीच्यांना घर मिळतं, अधिकार मिळत नाहीत. एकट्याने खेळणाऱ्या समीक्षकाला हे कधी टोचणारच नाही. आमच्यासारख्या एकत्र घरात, जिथे चार पोरांत एक स्विच, तिथे पहिल्याच दिवशी प्रश्न पडतो की बेट कोणाचं. गेमने यावर उत्तर द्यायला हवं होतं.

याच्या अगदी उलट 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात, रात्री पत्त्यांचे डाव पडतात. खेळायला घरातल्या कुणालाच लाज वाटत नाही असा हा सण. यंदा पत्त्यांच्या शेजारी स्विच मांडला. जॉय-कॉनची जोडी सुटी करून आडवी धरली की दोन खेळाडू तयार, आणखी एक जोडी असली की चार. गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारी आणि आपोआप वेग धरणारी सोय चालू केली, की कधीच खेळलेला नाही असा माणूसही शर्यत पूर्ण करतो. आक्का साठीच्या पुढची. दोन शर्यती बघितल्या आणि म्हणाली, "माले बी दे ना रे, मी बी खेळस." ती शेवटून दुसरी आली आणि उठायला तयार नव्हती. जादा ट्रॅकचा संच घेतला तर एकूण ९६ ट्रॅक होतात, पण आमच्या घरात चार-पाचच पुन्हा पुन्हा लागतात. दहापैकी दहा, आणि या घरासाठी झेल्डाच्याही वर.

भाषेचा प्रश्न उरतोच. स्विचच्या स्वतःच्या मेनूत मराठी नाही, हिंदीही नाही, आणि संवादांनी भरलेले गेम लहान पोरांना मोठ्यांवाचून समजत नाहीत. म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अॅन एन्शंट एपिक' मुद्दाम घेतला. २०२० मध्ये तो आधी स्विचवरच आला होता. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून चालणारं कथन, बाहुल्यांच्या खेळासारखी मांडलेली गोष्ट. लढाया लवकर एकसुरी होतात आणि पाचेक तासांत गेम संपतो. सात गुण. तरी भाचीने तो पुन्हा सुरुवातीपासून खेळायला घेतला, आणि असे गेम आपल्याकडून आणखी यावेत असं मला मनापासून वाटतं.

घेणाऱ्यांसाठी थोडं. मी घेतला तेव्हा निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नव्हती, त्यामुळे आयात केलेला माल आणि वॉरंटी दुकानदाराची. बिल घ्या, दुरुस्ती कोण करणार ते आधीच विचारा. कॅसेट बहुतेक कोणत्याही देशाची चालते आणि खेळून झाल्यावर विकता येते, म्हणून मोठे गेम मी कॅसेटवरच घेतो. तिच्यावर मुद्दाम कडू लेप असतो, लहान पोराने तोंडात घातली तर लगेच थुंकेल. आतली जागा ६४ जीबी, मेमरी कार्ड घालावंच लागतं.

'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चा पुढचा भाग 'टिअर्स ऑफ द किंगडम' दिवाळीत आणला. भाचा त्यात फळ्या, चाकं आणि पंखे जोडून गाड्या बनवतो. त्याची आताची गाडी चढावर मागे घसरते, आणि तो रोज रात्री तिचं वजन बदलून बघतोय. या गेमला मी अजून गुण दिलेले नाहीत.