अपडेट थांबलेला फोन: मूळ प्रणाली ठेवावी की लिनेजओएस टाकावे?

माझा फोन २०१८ सालचा आहे. कंपनीने तो अँड्रॉइड ९ पर्यंत आणून सोडला आणि शेवटचा सुरक्षा पॅच, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणारा अपडेट, २०२० मध्ये दिला. बॅटरी बदलून घेतल्यापासून तो दिवसभर पुरतो, स्क्रीनवर ओरखडासुद्धा नाही, त्यामुळे तो भंगारात काढावा असे मला कधी वाटले नाही. प्रश्न एवढाच होता, की आहे ती प्रणाली तशीच चालवावी की बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा आणि बाहेरची प्रणाली अडवणारा भाग) उघडून लिनेजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मोफत प्रणाली टाकावी. मी दोन्ही करून पाहिले आहे. ज्यांच्यापुढे आज हाच प्रश्न आहे त्यांच्यासाठी तो अनुभव लिहितो.

लिनेजओएसबद्दल मला मनापासून आदर आहे. सायनोजेनमॉड ही अशीच जुनी प्रणाली २०१६ च्या अखेरीस बंद पडल्यावर त्याच्याच पायावर स्वयंसेवकांनी हा प्रकल्प उभा केला, आणि त्यांच्यामुळे माझ्या सात वर्षांच्या फोनवर अँड्रॉइड १५ चालू शकले. कंपनीने भरून दिलेली नको ती ॲप्स गेली, फोन हलका झाला. मात्र मोडेम आणि चिपसाठीचे बंदिस्त सॉफ्टवेअर मूळ उत्पादकाकडूनच यावे लागते, ते या स्वयंसेवकांच्या हातात नसते. म्हणून सेटिंग्जमध्ये अँड्रॉइडच्या पॅचची तारीख ताजी दिसत असतानाच त्याखाली विक्रेत्याच्या (म्हणजे फोन आणि चिप बनवणाऱ्यांच्या) पॅचपुढे २०२० हेच साल दिसत राहिले. संध्याकाळच्या उजेडातले फोटोही मला थोडे फिके वाटले. जिओचे सिम असेल तर आपल्या मॉडेलवर व्होल्टे, म्हणजे फोरजीवरून होणारे कॉल, चालते का, हे आधीच पाहून घ्यावे, कारण त्या नेटवर्कवर टूजी-थ्रीजीचा आधार नाही. बूटलोडर उघडताना फोनमधले सगळे पुसले जाते, हे वाचकांना ठाऊक असेलच.

एवढे सगळे मी आनंदाने चालवून घेतले असते. अडले ते पैसे देण्यापाशी. एके सकाळी साडेसहाला दूधकेंद्रावर दोन पिशव्या हातात घेऊन मी क्यूआर कोड स्कॅन करायला बँकेचे ॲप उघडले, तर उपकरण सुरक्षित नसल्याची एक ओळ आली आणि ॲप आपोआप बंद झाले. आदल्या रात्री तेच ॲप चालले होते. मागे रांग होती आणि खिशात सुटे नव्हते. केंद्रावरचे काका म्हणाले, “असू द्या, उद्या द्या,” पण पैसे न देता दूध घेऊन निघताना मनाला फार लागले.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अशी ॲप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या तपासणीवर विसंबू शकतात, आणि त्या तपासणीत बूटलोडर कुलूपबंद आहे का, प्रणाली प्रमाणित आहे का, या गोष्टींना मोठे वजन असते. माझ्या लिनेजओएसच्या फोनवर पॅच ताजा असूनही तो तिथे नापास झाला, आणि पाच वर्षे पॅच न मिळालेली मूळ प्रणाली मात्र आजही पास होते. तपासणी चुकवण्याचे उपाय आहेत. मी दोनदा केले आणि दोन्ही वेळा काही आठवड्यांतच ते निकामी झाले. पुढचे पेमेंट होईल की नाही, ही धाकधूक मला रोजच्या वापरात नको होती.

म्हणून मी मूळ प्रणाली परत टाकून बूटलोडर पुन्हा कुलूपबंद केला. तिची उणीव उघड आहे. क्रोमने २०२५ मध्ये १३८ व्या आवृत्तीनंतर अँड्रॉइड ९ ची साथ सोडली, आणि ॲप्सच्या आत वेबपाने दाखवणारे वेबव्ह्यूही त्याच्याबरोबर थांबले. मी फायरफॉक्स वापरतो, अनोळखी दुवे या फोनवर उघडत नाही, बाहेरून आणलेले ॲप टाकत नाही आणि यूपीआयला जोडलेल्या खात्यात महिन्याच्या किरकोळ खर्चापुरतीच रक्कम ठेवतो. बचतीचे खाते या फोनला माहीतही नाही.

ज्यांचा जुना फोन घरात दुसरा म्हणून पडून आहे आणि वाचन, गाणी, नकाशे एवढ्यासाठीच लागतो, त्यांनी बहुधा लिनेजओएसच टाकावे. माझ्या मुलीचा जुना फोन मी तसाच करून दिला आहे. पण खिशात एकच फोन असेल आणि भाजीपासून रिक्षापर्यंतचे पैसे त्यातूनच जात असतील, तर मूळ प्रणालीला आणि वेगळ्या छोट्या खात्याला मी झुकते माप देईन, निदान ते बँकेचे ॲप अँड्रॉइड ९ वर उघडते आहे तोवर.