बिअर्डेड ड्रॅगनची अंडी, ‘पिल्लं परत घेतो’ आणि माझे ३३,७०० रुपये

पाळीव सरड्याच्या अंड्यांवरून मला तो सरडा विकणाऱ्यानेच फसवलं, त्याची ही गोष्ट. आधी आकडे लिहिते. इन्क्युबेटरचे, म्हणजे अंडी उबवायच्या यंत्राचे, १८,५००. अंड्यांच्या ‘तपासणी’चे ४,२००. ‘नोंदणी’चे ११,०००. एकूण ३३,७०० रुपये, सगळे यूपीआयने, सगळे मी माझ्या हाताने पाठवलेले. हे शेवटचं वाक्य गेल्या दोन महिन्यांत मला इतक्या जणांनी ऐकवलंय की आता मीच आधी सांगून टाकते.

बंड्या आमचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळायचा एक परदेशी सरडा. तीन महिन्यांचा असताना २२,००० ला घेतला, पुण्यातच, ऑनलाइन जाहिरात बघून. ‘नर आहे, गॅरंटी.’ इतक्या लहान पिल्लात नर-मादी खात्रीने सांगता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. गॅरंटी देणारा तिथेच खोटं बोलला होता. चौदा महिने बंड्या आमच्याकडे एकटा वाढला. मग मार्चमध्ये त्याने खाणं सोडलं. दिवसभर टँकच्या कोपऱ्यात खणायचा, काचेवर नखं घासायचा. पोटावरून बोट फिरवलं तर कातडीखाली द्राक्षांसारख्या गाठी लागत होत्या. मी घाबरले आणि फोन केला तो विकणाऱ्यालाच. तिसऱ्या दिवशी सकाळी लेक ओरडतच आली. टँकमध्ये १९ अंडी.

‘ताई, नशीब उघडलं तुमचं,’ तो म्हणाला. एकेक पिल्लू ६,००० ला परत घेतो. १,१४,००० रुपये.

मी विचारलं होतं. हे मला ठासून सांगायचंय, कारण घरातले आता म्हणतात की तू काही विचारलंच नाहीस. नर कधी जवळ आला नाही तर पिल्लं कशी होतील, असं मी स्पष्ट विचारलं. त्यावर त्याने मला एक बातमी पाठवली. इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात फ्लोरा नावाच्या कोमोडो ड्रॅगनने २००६ मध्ये नराशिवाय अंडी घातली आणि त्यातून पिल्लं बाहेर आली. मी शोधलं, बातमी खरी निघाली. अमेरिकेतल्या काही व्हिपटेल सरड्यांमध्ये तर नरच नसतात, नुसत्या माद्या, तेही खरं. दोन गोष्टी खऱ्या निघाल्यावर तिसरी मी तपासलीच नाही. कोमोडो ड्रॅगन वेगळा, बिअर्डेड ड्रॅगन वेगळा. नावात ‘ड्रॅगन’ आहे, एवढंच साम्य. बिअर्डेड ड्रॅगनची मादी नराशिवाय अंडी घालते ती कोंबडी घालते तशीच. त्यातून काही निघत नाही.

आणि हे मला सासूबाईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं. गावाकडे त्यांनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या. त्या दारातूनच म्हणाल्या, ‘अगं, कोंबड्याशिवायचं अंडं खुडूक कोंबडीखाली ठेवलं तरी नासतंच.’ मी त्यांना म्हणाले, ‘आई, हे वेगळं असतं.’ त्या काही न बोलता आत गेल्या. ते वाक्य मला अजून झोपू देत नाही.

त्याच्याकडूनच इन्क्युबेटर आला. थर्माकोलचा डबा, आत एक बल्ब, एक थर्मोस्टॅट. नंतर दुकानात विचारलं तर सगळं सामान अडीच हजारांच्या आत. त्याने बजावून सांगितलं होतं, ‘अंड्यांना टॉर्च दाखवू नका, पिल्लू आंधळं होतं.’ हे धादांत खोटं आहे. टॉर्चच्या उजेडातच तर कळतं. फलित अंडं पांढरंशुभ्र, घट्ट भरलेलं असतं आणि आठ-दहा दिवसांत आत तांबड्या शिरा दिसायला लागतात. नुसता पिवळा उजेड दिसला, अंडं पिवळट पडून चेपायला लागलं, तर संपलं. टॉर्च लावू नका असं कुणी सांगितलं की त्या क्षणी फोन ठेवा.

आता मला सगळं कळायला हवं होतं, त्या क्षणाबद्दल. सहाव्या दिवशी त्याचा पोरगा स्कूटरवर आला आणि ‘लॅबच्या तपासणी’साठी दोन अंडी स्टीलच्या डब्यात घालून घेऊन गेला. सरड्याचं अंडं हलवायचं, उलटं करायचं नसतं, हे तर मी तोपर्यंत वाचलेलं होतं. तो डबा सीटखाली टाकून खड्ड्यांतून गेला, मी गॅलरीतून बघत उभी. संध्याकाळी व्हिडिओ आला. अंधारात टॉर्चवर धरलेली अंडी, आत लाल शिरांची जाळी, मागे त्याचा आवाज, ‘ताई, ही तुमचीच.’ माझी अंडी कोकोपीटमध्ये होती, व्हिडिओत खाली पांढरट खडे. आणि अंडी होती तीन. मी दोन दिली होती. मी मोजली. दोनदा मोजली. मग मनाशी म्हटलं, असेल दुसऱ्या कुणाचं एखादं शेजारी ठेवलेलं. आणि ४,२०० पाठवले. पिल्लू आंधळं होतं म्हणणारा स्वतः टॉर्च लावतोय, हेही दिसत होतं मला.

२०१९ मध्ये कडकनाथ कोंबड्यांच्या प्रकरणात इस्लामपूरकडे शेतकरी कसे बुडाले, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. आधी पक्षी विका, मग सामान विका, ‘माल आम्हीच परत घेणार’ म्हणा. माझ्या मावसभावाचे त्यात पैसे गेले. मी त्याला तेव्हा काय काय बोलले होते.

११,००० गेले ‘वन खात्याच्या नोंदणी’चे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायदा कडक झालाय, नोंदणी नसेल तर धाड पडते, असं सांगून. ज्या परदेशी जातींना नोंदणी लागते, त्यांची ती सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. दुकानदाराच्या यूपीआयवर होत नाही. पंधराव्या दिवशी अंड्यांवर हिरवी बुरशी चढली. सोळाव्या दिवसापासून त्याचा फोन बंद.

सगळ्यात जास्त राग मला याचा येतो की या गडबडीत बंड्याकडे लक्षच नव्हतं. अंडी घालून तिचं पोट खपाटीला गेलेलं, हाडांतलं कॅल्शियम संपलेलं, आणि मी इन्क्युबेटरचं तापमान बघत बसले. पाच आठवड्यांनी दुसरी खेप भरली. या वेळी अंडी बाहेरच येईनात. ती मागचे पाय ओढत चालायला लागली, डोळे मिटून पडून राहायला लागली. सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर शोधून रात्री नेलं. एक्स-रे, कॅल्शियम, दोन दिवस दाखल, ७,८५० रुपये. वाचली. तुमची मादी खणायला लागली की तिला खणायला जागा द्या: खोल डबा, किमान फूटभर ओलसर वाळू-माती, मूठ दाबली तर आकार धरेल इतकीच ओल. यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब चालू पाहिजे, खाण्यावर कॅल्शियमची पूड पाहिजे. पोट भरलेलं, अंडी येत नाहीत आणि ती मलूल झाली, तर कुणाच्या फोनची वाट बघू नका, थेट डॉक्टर.

पोलीस ठाण्यात मला अंडी कशाची ते तीनदा सांगायला लावलं. दुसऱ्या टेबलावरच्या हवालदाराला बोलावून पुन्हा सांगायला लावलं. ते हसत होते. मग म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही प्राणी घेतलाय, देवाणघेवाणीचा वाद आहे, आधी ठाण्यातून लिहून आणा. ठाण्यात परत गेले तर विकणाऱ्याचा पत्ता दुसऱ्या हद्दीत. वन खात्याच्या कार्यालयात दीड तास बाकावर बसवलं आणि मग सांगितलं की हा प्राणी भारतातला नाही, आमच्याकडे येत नाही. निघताना मलाच विचारलं, ‘तुमच्याकडे कागद आहेत का?’ बँकेचं उत्तर एका ओळीचं: व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. चार ठिकाणी, सात फेऱ्या, सहा अर्ध्या रजा, हातात एका अर्जाची पोच. एकानेही त्या माणसाचा नंबर लावून बघितला नाही.

शेजारच्या वकीलकाकांनी नंतर सांगितलं की हद्दीचं कारण देऊन गुन्हा नोंदवायला नकार देता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. कागदावर लिहून घेऊन जा. आणि पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी लाजेने अकरा दिवस घालवले. तोवर पैसे खात्यातून पुढे गेले होते. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसू नका, रागाच्या भरात मी अर्धे पुसले.

परवा त्याची नवी जाहिरात दिसली. नवा नंबर, नवं नाव, ‘नर, तीन महिने, गॅरंटी, २४,०००’. फोटोत सरडा निळ्या चौकड्यांच्या पंचावर बसलाय. तो पंचा आमचा आहे, तो फोटो माझ्या लेकीने काढून त्याला पाठवला होता. तो बंड्या आहे, ती मादी आहे, आणि ती आत्ता आमच्या हॉलमध्ये तिच्या वाळूच्या डब्यात खणते आहे.