ससा पाळावा की बजी?

घर लहान आहे, कुत्रा झेपणार नाही, म्हणून ससा किंवा बजरीगर, म्हणजेच बजी या छोट्या पोपटांची जोडी आणायचा विचार अनेक जण करतात. ससा नीट सांभाळला तर आठ ते बारा वर्षं जगतो, बजी पाच ते दहा. तेव्हा निर्णय घाईचा नको.

सशाचं सगळं पोटावर अवलंबून असतं. त्याचे दात जन्मभर वाढतात. ते झिजायला आणि आतडं चालतं राहायला वाळलेलं गवत चोवीस तास पुढ्यात हवं. गाजर गोड, ते अधूनमधूनच. सकाळपासून त्यानं तोंड लावलं नाही, लेंड्या बारीक झाल्या किंवा थांबल्या, तर उद्यावर ढकलू नका, जिवावर बेततं. म्हणून ससे तपासणारा पशुवैद्य जवळपास आहे का, हे आधी बघा. मादीची नसबंदीही करून घ्या, कारण वय वाढेल तसा तिला गर्भाशयाच्या कॅन्सरचा मोठा धोका असतो.

मुलांना कुशीत घ्यायला म्हणून तर ससा आणूच नका. उचललं की तो घाबरतो, आणि मागचे पाय जोरात झाडताना त्याचा कणाही मोडू शकतो. जमिनीवर शांत बसलात तर तो आपणहून येतो, तुमच्या पायावर हनुवटी घासून स्वतःचा वास लावतो. हे ज्याला पुरेसं वाटतं, त्यानं खुशाल ससा पाळावा. तो कुरतडतो, म्हणून वायरी मात्र उचलून ठेवाव्या लागतील.

बजीचं वजन जेमतेम 30 ते 40 ग्रॅम आणि श्वसन फार नाजूक. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत दगावतो. नुसत्या बियांवर ठेवलं तर तो लठ्ठ होतो. पालेभाजी हवी, अ‍ॅव्होकॅडो अजिबात नको. बजी आजार लपवतो, म्हणून आठवड्याला वजन करा. तीन-चार ग्रॅम घटले तरी दुर्लक्ष करू नका. किलबिल दिवसभर चालते. ससा जवळपास मुकाच. नर बजी बोलायलाही शिकतो: पक नावाच्या बजीच्या नावावर 1,728 शब्दांचा गिनीज विक्रम आहे.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच पाळणाऱ्यानं बजीची जोडी घ्यावी. घरात मोकळी जमीन आणि हाताशी चांगला डॉक्टर असेल, तरच ससे, आणि तेही नसबंदी केलेली जोडी. रोज दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून पक्ष्यांना खोलीत उडू देणं जमणार नसेल, तर बजीही नकोत.