घरी बदललेले एक्सल बूट : अख्खा पावसाळा काढल्यानंतर

गेल्या मे महिन्यात गाडीच्या दोन्ही पुढच्या चाकांचे बाहेरचे एक्सल बूट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या (एक्सलच्या) चाकाकडच्या सांध्यावरची घडीदार आवरणं, मी घरीच बदलले. त्यानंतर कोकणातला अख्खा पावसाळा, गणपतीतली वर्दळ आणि चिपळूण-कराड जाताना लागणारा कुंभार्ली घाट, सगळं गाडीने पाहिलं. आता जानेवारीत दोन्ही चाकं उतरवून बूट हाताने चाचपून तपासले आणि मगच लिहायला घेतलं. दुकानात मापाचा थर्मोप्लास्टिकचा बूट एकच शिल्लक होता, तो उजवीकडे गेला. डावीकडे साध्या रबराचा, कुठल्याही गाडीला बसेल असा ताणून चढवायचा बूट घातला. त्यामुळे एकाच गाडीवर, एकाच रस्त्यावर दोन्हींची परीक्षा झाली. निकाल आधीच सांगतो. उजवीकडचा जसा बसवला तसा आहे. डावीकडचा काम देतोय, पण येत्या पावसाळ्याआधी तो काढणार आहे.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तेच चाक ओढतंही आणि वळतंही. दोन दांडे क्रॉसच्या आकाराच्या तुकड्याने जोडणाऱ्या साध्या जॉइंटला कोन दिला की पुढचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर असे हिसके चाकाला परवडत नाहीत. म्हणून चाकाकडच्या टोकाला सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे एकसारख्या वेगाचा) जॉइंट असतो. त्यात पिंजऱ्यात बसवलेले सहा पोलादी गोळे असतात आणि कितीही वळवलं तरी ते दोन दांड्यांमधला कोन बरोबर मध्यावर दुभागतात, म्हणून वेग एकसारखा राहतो. 1959 साली ब्रिटनमध्ये आलेल्या मिनीने हा जॉइंट छोट्या, स्वस्त गाडीत आणला. आपल्याकडे तो घरोघरी पोचला 1983 पासून, मारुती 800 बरोबर. आता रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक हॅचबॅकमध्ये तोच आहे.

हा जॉइंट झिजून मरतो असं क्वचितच होतं. मरतो तो बूट फाटल्याने. बूट म्हणजे भात्यासारख्या घड्यांचं रबरी आवरण. त्याचं काम ग्रीस आत आणि माती बाहेर ठेवणं, एवढंच. घडीच्या खाचेत बारीक चीर पडते, चाक फिरताना ग्रीस बाहेर फेकलं जातं, आणि रिकाम्या जागेत आमच्याकडची जांभ्याची तांबडी माती शिरते. मग वळताना चाकातून कट्-कट् असा आवाज येऊ लागतो. आवाज यायला लागल्यावर बूट बदलून फारसा उपयोग नसतो, कारण तोवर गोळ्यांच्या खाचा खराब झालेल्या असतात. म्हणून ज्यांची गाडी सात-आठ वर्षं जुनी झाली आहे त्यांनी प्रत्येक सर्व्हिसिंगला स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, बॅटरीच्या उजेडात बूटच्या घड्या बघाव्यात. रिमच्या आतल्या बाजूला किंवा लोअर आर्मवर (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यावर) काळ्या ग्रीसचा पट्टा उमटलेला दिसला, तर समजा बूट फाटला.

माझ्या गाडीचं उजव्या बाजूला असंच झालं होतं. डावीकडे अजून फाटला नव्हता, पण खाचांत तडे होते. दुकानातल्या काकांनी सांगितलं, "अहो, हल्ली बूट कोण बदलत बसतो? आख्खा एक्सलच बदलून टाकतात." त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे, मजुरी वाचते आणि काम लवकर उरकतं. पण नवा एक्सल काही हजारांचा आणि बूट, ग्रीस, क्लॅम्प (बूटची टोकं आवळणाऱ्या पट्ट्या) आणि लॉक असं किट काही शेकड्यांचं. शिवाय बाजारात मिळणाऱ्या स्वस्त एक्सलपेक्षा गाडीबरोबर आलेला मूळचा जॉइंट, आवाज करत नसेल तर, कधीही चांगला. माझा त्यावर भरवसा होता म्हणून हे काम हाती घेतलं.

कामाचा क्रम थोडक्यात सांगतो, कारण टिकाऊपणाचं सगळं गणित त्यातच आहे. हबमधला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागातला, मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करायचा. आधी त्याची ठोकून आत दाबलेली कड पोगराने उचलायची, मग घरातल्या कुणालातरी ब्रेकवर बसवून लांब पाईप लावलेल्या पान्याने नट सोडायचा. माझा पुतण्या ब्रेक दाबून बसला होता. गाडी उचलल्यावर नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नका, खाली स्टँड हवाच. मागच्या चाकांना दगड लावा. मग लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढून आर्म खाली दाबायचा आणि नकल (हब धरणारा भाग) बाहेर खेचून हबमधून एक्सलचं टोक मोकळं करायचं. मी हाच मार्ग घेतला, कारण शॉक अ‍ॅब्सॉर्बरकडचे बोल्ट सोडले की चाकाचा कल बदलू शकतो आणि पुन्हा अलाइनमेंट करावं लागतं. एबीएसची वायर आणि ब्रेकचा होस ताणला जात नाही ना, यावर सतत नजर हवी. एक्सल गिअरबॉक्सच्या बाजूने मात्र ओढायचा नाही. आतला जॉइंट निसटला तर दुसरंच काम उभं राहतं.

जुना बूट कापून टाकला आणि उजव्या जॉइंटमधलं ग्रीस अंगठा आणि बोटात घेऊन चोळलं. इथेच ठरतं की जॉइंट ठेवायचा की नाही. ते पातळ झालं होतं, रंग राखाडीकडे झुकला होता, पण चोळताना खर लागली नाही. वाळूसारखी कचकच जाणवली असती तर मी काकांचंच ऐकलं असतं. एक्सलवरच्या सर्क्लिपने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या तारेच्या कडीने, जॉइंट धरलेला असतो. पितळी दांडा जॉइंटच्या आतल्या कड्यावर, फक्त कड्यावर, टेकवून हातोड्याचा एक खणखणीत ठोका दिला की तो सुटतो. पिंजऱ्यावर ठोका बसता कामा नये. मग पिंजरा तिरपा करत एकेक गोळा काढायचा आणि ज्या खाचेतून निघाला त्याच क्रमाने कापडावर मांडायचा. गोळे गुळगुळीत होते, खाचा चकचकीत होत्या, कुठेही खड्डा नव्हता. सगळं रॉकेलने धुतलं आणि पूर्ण वाळवलं. रॉकेल आत राहिलं तर नवं ग्रीस पातळ होतं, त्यामुळे वाळवण्यात घाई नको.

ग्रीस किटमधलंच वापरा, मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं काळं. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस घरात पडलंय म्हणून इथे भरू नका. गोळ्यांवर आणि खाचांवर येणारा दाब फार मोठा असतो आणि तो सोसायला मॉलिब्डेनमचा थर लागतो. पाकीट पूर्ण रिकामं करा, बराचसा भाग जॉइंटमध्ये दाबून आणि उरलेला बूटमध्ये.

आता क्लॅम्प. मला वाटतं, बूट टिकण्या-न टिकण्यात रबराइतकाच क्लॅम्पचा वाटा असतो. किटमधला कानाचा क्लॅम्प त्याच्या खास पक्कडीनेच दाबावा. साध्या कटर-पक्कडीने कान दाबला की तो वाकडा बसतो आणि ताण एकसारखा येत नाही. थर्मोप्लास्टिक कडक असल्यामुळे त्याला हा ताण जास्तच लागतो. प्लास्टिकच्या टायने तो कधीच आवळला जात नाही. लहान टोक एक्सलवरच्या खाचेत नीट बसवायचं आणि आवळण्याआधी त्याखाली बारीक स्क्रूड्रायव्हर सरकवून आत कोंडलेली हवा सोडायची. हवा तशीच राहिली तर बूट फुगतो किंवा आत ओढला जातो आणि एक घडी दुसऱ्यावर घासत राहते. नवा नट घाला, जुना नको. टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा आणि कड खाचेत ठोकून लॉक करा. एक्सल बाहेर असताना गाडी चाकावर टेकवून ढकलू नका. बऱ्याच गाड्यांत हबचं बेअरिंग या नटाच्या दाबानेच एकत्र धरलेलं असतं.

आता आठवणीने बघितलेल्या गोष्टी. जूनच्या पहिल्या पावसानंतर दोन्ही बाजू कोरड्या होत्या. ऑगस्टअखेर, घाटातल्या खड्ड्यांतून बरंच हिंडून झाल्यावर, डाव्या बूटच्या लहान टोकाशी ग्रीसची ओलसर कड दिसली. या सर्वांसाठी चालणाऱ्या बूटच्या टोकाला पायऱ्या असतात आणि आपल्या एक्सलच्या जाडीनुसार पायरी कापायची असते. माप तरी बरोबर होतं, पण ते रबर इतकं मऊ आहे की पूर्ण वळणावर टोक खाचेतून किंचित सरकतं. क्लॅम्प पुन्हा आवळल्यावर ओल थांबली. आता जानेवारीत तीन घड्यांच्या खाचांत केसासारखे तडे आहेत. माती आत गेलेली नाही, ग्रीस काळंच आहे, आवाज नाही. पण दुसरा पावसाळा तो काढेल असं मला वाटत नाही.

उजवीकडे एकही तडा नाही. घड्यांमध्ये बोट फिरवलं तर पृष्ठभाग एकसारखा लागतो. क्लॅम्पच्या कडेला धूळ सुकी बसलेली आहे, म्हणजे तिथून तेलकटपणा बाहेर आलेला नाही. घाटातल्या तीव्र वळणांवर, खिडक्या उघड्या ठेवून मुद्दाम कान लावून पाहिलं, दोन्ही बाजूंनी आवाज नाही. पैशाचा फरक दोन बूटमध्ये जेमतेम शे-दीडशेचा होता. मापाचा थर्मोप्लास्टिकचा बूट मागवायला आठवडा लागणार असेल तरी थांबा, असंच मी सांगेन, फक्त तोवर गाडी चिखलात घालू नका.

उभा चिरलेला, गाडीवरच चिकटवायचा बूट अनेक जण विचारतात. एक्सल न काढता तो लावता येतो हे खरं, पण जोडाला ग्रीसचा हात लागला की चिकट धरत नाही, आणि जॉइंट साफही होत नाही. घाटात अडकलेल्याला घरी पोचवण्यापुरता तो ठीक.

सगळा खटाटोप दोघांना दिवसभर पुरला. पाने, जॅक, स्टँड आणि टॉर्क रेंच आधीच घरी होते म्हणून परवडलं. हे सगळं नव्याने घ्यायचं असेल तर चांगल्या गॅरेजवाल्याला किट नेऊन द्या आणि जॉइंट उघडून साफ करायला सांगा. तुमचा गळका बूट गिअरबॉक्सकडचा, म्हणजे आतला असेल, तर गणित वेगळं. तिथे बहुतेक गाड्यांत गोळ्यांऐवजी तीन रोलरचा जॉइंट असतो, ग्रीसही बऱ्याचदा निराळं लागतं आणि एक्सल बाहेर काढताना गिअर ऑइल सांडतं. त्या कामाला हात घालण्याआधी खाली टोपलं, भरायला नवं ऑइल आणि एक्सलचं ऑइल सील आणून ठेवा.