राख-चुन्याच्या विटा: भाव नंतर, आधी तारीख विचारा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे नव्या बांधकामांवर करड्या विटांचे ढीग दिसतात. त्यातल्या काही सिमेंटच्या, काही चुन्याच्या. नुसत्या बघून फरक कळत नाही. हे मत चुना-जिप्समवाल्या विटांबद्दल आहे.

मिश्रण साधारण असं असतं: वजनाने राख ६० टक्के, चुना १५, जिप्सम ५, बाकी क्रशरची पावडर. दगडी कोळशाची राख एकटी घट्ट होत नाही. ओलाव्यात चुन्याशी तिचा संयोग झाला की बंध तयार होतो, आणि हे काम सावकाश चालतं. थंडीत तर आणखीच सावकाश. म्हणून प्रेसमधून निघालेली वीट दोन-तीन आठवडे ओली ठेवावी लागते. गिऱ्हाइकाची घाई असली की नेमकी हीच मुदत कापली जाते. आठवड्याची वीट दिसायला ठणठणीत, पण नखाने कोपरा खरवडला की भुकटी पडते. ढिगावर पाडल्याची तारीख नसेल तर दुसरीकडे जा.

दुसरा दोष चुन्याचा. कळीचा चुना (भट्टीतून निघालेला कोरडा चुना) पाण्यात पुरता विरला नसेल तर त्याचे खडे विटेत राहतात, पुढे ओल लागली की फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात. वीट फोडून आत पांढरे ठिपके आहेत का बघा. साखर कारखान्याच्या बॉयलरची राख मिसळली असेल तर रंग काळपट येतो. तिच्यातला न जळलेला अंश पाणी पितो.

घरची परीक्षा सोपी: सुकी वीट तोला, २४ तास बुडवा, पुसून पुन्हा तोला. ३ किलोची वीट ६०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायली, म्हणजे २० टक्क्यांच्या वर गेली, तर परत पाठवा.

चांगली वीट मात्र मापाला एकसारखी, त्यामुळे सांध्यातला सिमेंट-वाळूचा माल आणि गिलावा दोन्ही वाचतात. माल १:६ (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) पुरे; त्याहून कडक केलात तर भिंतीला तडे. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने गिलावा धरावा म्हणून सांधे ओले असतानाच खरवडून ठेवायला गवंड्याला सांगा, आणि कॉलमच्या जोडावर कोंबडीजाळी मारा.

आरसीसीच्या घरातल्या भिंतींना बिनधास्त घ्या. खानापूरच्या पावसात बिनगिलाव्याचं कंपाउंड बांधायचं असेल तर जांभा चिराच बरा. गाडी हाताने उतरवून घ्या, टिपरने ओतली की कडा गेल्याच.