ट्रॅकसाठी जुनी एमएक्स-५: पैसे आधी थांबण्यावर घाला

गाडी माझदा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीतली, २००२चं मॉडेल. १.८ लिटर इंजिन, पाच गिअर, कापडी छप्पर. मी राहतो इंग्लंडात, मिडलंड्सला. मागच्या वसंतात गाडी घेतली, उन्हाळा काढला, बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात असा इथला हिवाळाही काढला. आता काय टिकलं आणि कशाचा नुसता गाजावाजा होता, हे सांगण्याइतका वापर झालाय. बेडफर्ड, स्नेटर्टन आणि ब्रँड्स हॅच या तिन्ही शर्यतीच्या सर्किटांवर, आपली गाडी आणून पळवू देतात अशा 'ट्रॅक डे'ला, तिला पळवली. दर वेळी स्वतः चालवत नेली, चालवत आणली. ट्रेलर नाही, सोबत मेकॅनिक नाही. म्हणून माझी कसोटी एकच: दुपारी चारला गाडी सकाळी नऊसारखीच वागली पाहिजे आणि वर मला घरी पोचवलं पाहिजे. ज्यांना सगळ्यांत वेगवान गाडी हवी आहे त्यांना यातलं बरंच काही पटणार नाही.

हीच गाडी का, ते थोडक्यात. वजन एक टनाच्या किंचित वर, इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, चारही कोपऱ्यांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन भुजांनी धरलेलं. ताकद साधारण १४५ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या बऱ्याच घरगुती गाड्यांइतकीच. पहिली एमएक्स-५ १९८९ साली आली, तेव्हापासून ही गाडी एवढी खपली आणि एवढ्या लोकांनी ट्रॅकवर घासली, की कुठला नट कुठे अडकतो हेसुद्धा आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. सुटे भाग स्वस्त. हलकी असल्यामुळे टायर आणि पॅड पटकन संपत नाहीत, आणि ट्रॅकवर खिसा खरा रिकामा होतो तो तिथेच.

घेताना मात्र इंजिनाकडे नंतर बघा, आधी खाली झोपा. या पिढीचा शत्रू गंज. मागच्या चाकांपुढचा दाराखालचा पत्रा सगळेच तपासतात. पण पुढचे चासीचे दांडे दुपदरी आहेत आणि ते आतून कुजतात. वरून काळं डांबरासारखं लेपण नवंकोरं दिसलं की मला जास्त भीती वाटते. एका विक्रेत्याने 'नुकतंच अंडरकोटिंग केलंय' असं अभिमानाने सांगितलं, मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दांड्यावर टकटक केलं, तर टणक आवाजाऐवजी भुसभुशीत थप असा आवाज आला. नमस्कार केला आणि निघालो. मी घेतली त्या गाडीचे दाराखालचे पत्रे आधीच वेल्डिंग करून बदललेले होते आणि दांडे उघडे, स्वच्छ होते. किंमत अडीच-तीन हजार पौंडांच्या घरात. रंग उडालेला आहे, छपराला ठिगळ आहे, पण ट्रॅकवर त्याचं कुणाला काय!

आता मुद्द्याचं, म्हणजे ब्रेक.

स्नेटर्टनचा तीनशे नावाचा आराखडा जवळपास तीन मैलांचा. त्यात बेंटली स्ट्रेट म्हणून लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला ब्रंडल हे डावं वळण. तिथे ही गाडीसुद्धा ताशी १६० किलोमीटरच्या वर जाते आणि मग जोरात ब्रेक मारून वेग निम्म्यावर आणावा लागतो. हिशेब करून पाहा: माणसासकट अकराशे-साडेअकराशे किलोची गाडी १६०वरून ८०वर आणायची म्हणजे आठ लाख ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा चार डिस्कांमध्ये उष्णता म्हणून ओतायची. तेवढ्यात नळाचं दोन लिटर थंड पाणी उकळीला येईल. हे अडीच-तीन सेकंदांत, आणि पुढच्या फेरीत पुन्हा. रस्त्यावर आयुष्यभर गाडी चालवली तरी ब्रेकवर असा प्रसंग येत नाही.

यात आधी दगा देतं ते ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल ओढतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. पॅड तापून निकामी झाले तर लक्षण उलटं: पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबायचं नाव घेत नाही. हा फरक पायाला कळला पाहिजे, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. मी पहिल्या ट्रॅकच्या आधीच मोटुल आरबीएफ ६०० भरलं, ज्याचा कोरडा, म्हणजे पाणी मुरण्याआधीचा, उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे. पॅड फेरोडो डीएस२५००. डिस्क साध्या, कंपनीच्या मापाच्या. भोकाभोकाच्या डिस्क दिसायला छान, एवढंच म्हणेन. स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइप बसवले, कारण जुने रबरी पाइप तडकलेच होते. नवे रबरी लावले असते तरी मला फरक कळला असता असं वाटत नाही.

या सगळ्याला मजुरी धरली नाही तर दोनशे पौंडांच्या आसपास खर्च आला, आणि गाडीवर केलेल्या कुठल्याही खर्चापेक्षा हा जास्त कामी आला. इतक्या महिन्यांत पेडल एकदाही लांबलं नाही. तोटा म्हणाल तर थंड सकाळी सोसायटीतून निघताना पॅड किंचाळतात आणि चाकांवर काळी पूड बसते, ती वेळेवर धुतली नाही तर निघत नाही. शेजारच्या आजी मला बघून हात करतात तो कौतुकाने की कुत्सितपणे, ते मी विचारलेलं नाही.

दुसरा खर्च अलाइनमेंट. हा बहुतेक लोक शेवटी करतात, का ते देव जाणे. या गाडीत चारही चाकांचा कल आणि दिशा कंपनीच्याच बोल्टांनी बदलता येते. मात्र ते बोल्ट वीस वर्षांत बुशमध्ये गंजून एकजीव झालेले असतात. माझ्या गाडीचे दोन कापून काढावे लागले. पुढच्या चाकांना सव्वादोन अंश उणा कॅम्बर (चाकाचा माथा आत कललेला), मागे त्याहून थोडा कमी, पुढे टो (चाकाची दिशा) शून्य, मागे अगदी जरासा आत. फरक टायरच्या खांद्यावर वाचता येतो. आधी बाहेरची कड मांजराने ओरबाडल्यासारखी झाली होती आणि आतला भाग जवळजवळ नवा होता. आता झीज पूर्ण रुंदीवर सारखी पसरते. म्हणजे तोच टायर जास्त चालतो, आणि वळणात गाडी नाक बाहेर टाकत नाही. ब्रँड्स हॅचला पॅडक हिल म्हणून पहिलंच उजवं वळण आहे, चढाच्या माथ्यावर. आत शिरताना पुढचा उतार दिसतच नाही आणि मग पोटात गोळा येईल असा रस्ता खाली कोसळतो. तिथे पुढच्या चाकांवर भरवसा नसेल तर माणूस दर फेरीला आधीच घाबरून ब्रेक मारतो.

सस्पेन्शनबद्दल माझं मत जरा तिरकं आहे. आधीच्या मालकाने कमी उंचीच्या स्प्रिंगा लावून गाडी जमिनीवर बसवली होती. पार्किंगमध्ये ऐटबाज, खड्ड्यात बिचारी, कारण या गाडीत चाकाला वर जायला मुळात जागा कमी आणि ती संपली की धाडकन रबराच्या ठोकळ्यावर आदळते. मी कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे जोड, घेतले, मध्यम किमतीचे, आणि उंची कंपनीच्या मापापेक्षा अगदी थोडी खाली ठेवली. कडकपणाचे क्लिक कितीही असोत, वापरात येतात दोनच जागा, एक ट्रॅकची, एक रस्त्याची. ट्रॅकवर छान. मोटरवेवर चालतात. गावाकडच्या अरुंद, खडबडीत रस्त्यांवर मात्र गाडीची जुनी मऊ, लयदार चाल गेली, आणि ती मला आठवते. एक हिवाळा गेला आणि उंची बदलायचे आटे मिठाने जाम. आता दर शरदात ते पुसून मेणाचा फवारा मारायचा. चांगल्या प्रतीचे साधे शॉक आणि किंचित कडक स्प्रिंगा एवढ्यावरही भागतं, विशेषतः तुमची गाडी रोज वापरायची असेल तर.

टायर १९५/५० आर १५. सुरुवातीला चांगले रस्त्याचेच ठेवा. ते आवाज करून सांगतात, आता सुटतोय, आता सुटतोय. सेमी-स्लिक, म्हणजे अगदी कमी खाचांचे ट्रॅकचे टायर, सांगत नाहीत, सरळ सोडतात. शिवाय संध्याकाळी पाऊस आला की घरी जाताना मोटरवेवर साठलेल्या पाण्यावर जीव मुठीत. हवा सकाळी थंड असताना २६ पीएसआयच्या आसपास ठेवतो, दोन-चार फेऱ्यांत ती पाच-सहाने वाढते. घरी निघताना परत भरायची, म्हणून डिकीत छोटा पंप आणि टॉर्क पाना कायम. चाकाचे नट १०० न्यूटन-मीटरला, दुपारच्या जेवणाआधी पुन्हा एकदा तपासून.

रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची कमान, ऐच्छिक नाही असंच धरा. उघड्या गाड्यांना तो असल्याशिवाय इथे बरेच आयोजक घेत नाहीत. पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून बारपर्यंत सरळ काठी धरतात, आणि हेल्मेट घातलेलं डोकं त्याखाली असावं लागतं. चकचकीत क्रोमच्या शोभेच्या कमानी चालत नाहीत. मी पाच फूट आठ, तरी सीटचा फोम थोडा कापावा लागला. उंच माणसांनी गाडी घेण्यापूर्वीच हेल्मेट घालून बसून पाहावं, विकणारा हसला तर हसू दे. बकेट सीट नंतर घातली. गुडघ्याने दाराला रेटा देत बसायची सवय तिने मोडली, आणि हात स्टेअरिंगला लटकायचे थांबले. पट्टा साधाच ठेवला आहे.

आता इंजिन. 'दादा, टर्बो का नाही लावत?' हे पुण्याच्या मावसभावाचं दर फोनला ठरलेलं. कारण उष्णता, रे बाबा. हे इंजिन मुळात पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या गाड्यांच्या घराण्यातलं. या गाडीत ते लांबीने बसवलं आणि कूलंट बाहेर पडायची वाट मागून काढून पुढे आणली. परिणामी मागचं, चौथं सिलिंडर बाकीच्यांपेक्षा जास्त तापतं. वर डॅशबोर्डावरचा तापमानाचा काटा चक्क फसवा आहे. तो मधोमध बसला की मोठ्या टप्प्यात हलतच नाही, आणि हलला तेव्हा उशीर झालेला असतो. मी आकडा दाखवणारं वेगळं मीटर लावलं तेव्हाच कळलं की ब्रँड्सला उन्हाळ्यात सलग वीस मिनिटं मारली की तापमान चढत राहतं. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी काळी न राहता तपकिरी झाली असेल तर ती बदला, ती फुटायच्या बेतात असते. मी अख्खा रेडिएटरच ॲल्युमिनियमचा घातला. आणि इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं ताट लोक तेल बदलताना काढतात आणि 'काय गरज' म्हणून फेकून देतात. ते हवा रेडिएटरमधून जायला भाग पाडतं. माझ्या गाडीत नव्हतं. भंगारातून आणून बसवलं आणि मीटरवरचा आकडा खाली आला, तोही नव्या रेडिएटरच्या आधी.

सायलेन्सरवर पैसे घालू नका. दोन-चार अश्वशक्तीसाठी अख्खा दिवस गमवाल. सकाळी मायक्रोफोन घेऊन माणूस उभा असतो: नळीपासून अर्धा मीटर, ४५ अंशांच्या कोनात, कमाल आरपीएमच्या तीन चतुर्थांशावर इंजिन धरायचं. बऱ्याच ठिकाणी मर्यादा १०५ डेसिबलच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही कमी. बेडफर्डला तर पळत्या गाडीचाही आवाज मोजतात. माझी कंपनीच्याच नळीची गाडी जाताना चहावालासुद्धा वळून बघत नाही.

लॅप टाइम विचारू नका. ट्रॅक डेला वेळ मोजायला बंदी असते, तसं केलं तर तो विम्याच्या नजरेत शर्यतीचा प्रकार होतो. साधा विमा ट्रॅकवर लागू नसतो, त्या दिवसाचा वेगळा घ्यावा लागतो. वर केलेला प्रत्येक बदल रस्त्याच्या विमा कंपनीला कळवायचा, नाहीतर अपघात घराच्या कोपऱ्यावर झाला तरी दावा अडकतो. मी पॅडसुद्धा कळवले. फोनवरची बाई हसली, पण नोंद केली.

भारतात असणाऱ्यांसाठी दोन शब्द. ही गाडी तिकडे मिळणार नाही, आणि २०१९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मूळ रचनेत फेरफार केलेली गाडी रस्त्यावर आणणं हे झेंगट आहे, तेव्हा रोल बार, कॉइलओव्हर वगैरे बेत आधी आरटीओच्या नियमांशी ताडून पाहा. पण मावसभाऊ त्याची जुनी हॅचबॅक घेऊन चेन्नईच्या सर्किटवर जातो, आणि त्यालाही मी हेच सांगितलं: ताजं ब्रेक ऑइल, बरे पॅड, अलाइनमेंट, आणि हवा मोजायचं स्वतःचं मीटर. तिथल्या उन्हात तर कूलंट आणि ब्रेक ऑइल यांना इथल्यापेक्षा जास्त जपायला हवं. त्याने ऐकलं, पण टर्बोचं अजून सोडलेलं नाही.

पुढचा खर्च ठरला आहे: कूलंटची वाट पुन्हा मागून काढायचा जोड. तो मिळतो, पण बसवायला फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) आणि इंजिनाच्या मधल्या फटीत हात घालावा लागतो, आणि माझा हात तिथे मनगटापर्यंतच जातो. हे काम गॅरेजला देणार. त्याआधी ब्रेक ऑइल बदलायचं आहे, मोसम सुरू होतोय.